आत्या पडली नव्हती

बाबांचा फोन आला तेव्हा मी तीन महिन्यांच्या लेकीच्या पायांना खुब्यासाठी डॉक्टरांनी लावलेले पट्टे तपासत होते. "अक्का गेली गं... सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत बी पोचली न्हाय." सुमनआत्या, बाबांची थोरली बहीण. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला भीती वाटली. या पट्ट्यांचं आता बोलायचं कुणाशी?

आत्या जन्मभर लंगडत चालली. "तान्हेपणी पाळण्यातनं पडली," असं घरात सांगायचे आणि तीही विचारणाऱ्याला तेच सांगायची. लग्न जमलं नाही. मुरगूडच्या एका दूध संस्थेत दुधाची फॅट तपासायचं काम तिनं वर्षानुवर्षं उभ्यानं केलं. मी जन्मले तेव्हा माझा एक पाय नीट फाकत नाही, हे पहिल्यांदा तिनंच ओळखलं आणि आईबाबांना हट्टानं कोल्हापूरला आणलं. घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. आई सांगते, आत्याच पुढं झाली. "मला हाय. माझ्या मावशीला बी व्हता. मी पडले न्हवते, डॉक्टर. घरातल्या पोरींची लग्नं मोडू नयेत म्हणून तसं सांगायचं ठरलंतं." काही महिने मी प्लास्टरमध्ये होते. आज सरळ चालते, फार वेळ उभं राहिलं की खुबा दुखतो, एवढंच.

आणि तरी माझ्या लग्नात आम्ही सगळे पुन्हा गप्प राहिलो. वऱ्हाडातल्या कुणी तरी विचारलं तेव्हा आत्या हसून म्हणाली, "पडलेते की लहानपणी." माझ्यासाठी.

लेक पायाळू जन्मली. सासूबाई तिचे पाय ताठ जोडून कापडात घट्ट बांधायच्या. असं बांधणं वाईट, हे मला माहीत होतं. पण बोलले तर सगळंच बाहेर येईल, म्हणून रोज बघत राहिले... महिन्याभरानं आत्या बाळ बघायला आली. तिनं ते गाठोडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "तू सांगतीस का मी सांगू?"

"आत्या, भ्या वाटतंय."

"वाटू दे की. मला बी जन्मभर वाटलं. भ्यालं म्हणून खुबा जागेवर येत न्हाय."

मी सांगितलं. सासूबाईंनी कापड सोडलं, घडी घालून ठेवलं. दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी त्यांनीच रिक्षा बोलावली.

सोनोग्राफीत लेकीच्या खुब्याची वाटी उथळ निघाली. मी डॉक्टरांना एकच विचारलं, हे माझ्यासारखं होणार की आत्यासारखं? ते म्हणाले, "कल घराण्यातून येतो. पण तो किती तीव्र होईल, हे एखाद्या जनुकावरून सांगता येत नाही. बरीच जनुकं असतात, शिवाय मुलगी, त्यात पायाळू, वर ते बांधणं. एकाच घरात एकीचं थोडक्यात निभावतं, दुसरीचा सांधा पुरता निखळतो. लवकर आलात हे बरं." त्या दिवसापासून ही 'दुसरी' माझ्या डोक्यातून जात नाही.

आत्या गेली त्याला आता सहा आठवडे झाले. पट्टे सुटलेत, वाटी भरतेय. पण लेक चालेपर्यंत, आणि पुढंही, खुब्याचे एक्स-रे काढत राहावे लागतील. गेल्या रविवारी तिला घेऊन मुरगूडला गेले. आत्याच्या खोलीत कॉटपासून दारापर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट, गुळगुळीत पट्टा उमटलाय. रोज हात टेकून चालायची तिथला. बाबा म्हणाले, "चुना द्यायचाय, पर मन व्हईना." कडेवरच्या लेकीनं वाकून तिथं तळवा टेकवला. मी दचकून तिला मागं ओढलं, जणू आत्याचं लंगडणं तिला लागेल... मग माझीच मला लाज वाटली. मी पुन्हा भिंतीजवळ गेले आणि तिचा हात तिथं ठेवू दिला.