रोजचं विसर्जन

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. मोठी माणसं बालवाडीत कोंकणी हवी की मराठी यावर चहा थंड करत होती, आणि पेडण्यातल्या माझ्या बालवाडीतली पोरं दोन्ही भाषांत सारख्याच जोरानं रडत होती. मी म्हापशाहून बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेऊन आले होते. ज्ञान इतकं झालं होतं की बसचा कंडक्टर त्याचं वेगळं तिकीट मागेल अशी भीती वाटे.

त्यातलं मुख्य तत्त्व असं: मुलाच्या हाती माती द्या. त्यानं घडवावं, मोडावं, पुन्हा घडवावं. घडवणं महत्त्वाचं, घडलेली वस्तू नव्हे. पाट्या मी बंदच केल्या.

मूर्तिकाराकडून घमेलंभर चिकणमाती आणली. चवथ जवळ आलेली, पोरांनी एकजात गणपती केले. एक नुसती सोंड, एक नुसतं पोट, एकाचा उंदीर तर गणपतीहून थोर. दुपारी मी प्रशिक्षित आवाजात म्हटलं, "आता मोडा हं, उद्या दुसरं करू."

कुणी हलेना. एक चिमुरडी म्हणाली, "बाई, देवाक मोडूंक नज. व्हाळार व्हरूंक जाय."

मीच मोडून दाखवते म्हणून हात उचलला. तो वरच राहिला. मीही इथलीच ना. मग पोरांच्या वेगवेगळ्या चाली बुडतील एवढ्या मोठ्या आवाजात मी आरती धरली आणि ओढ्यापर्यंत, म्हणजे तिच्या व्हाळापर्यंत, मिरवणूक काढली. दुसऱ्या दिवशी नवी माती, नवे गणपती, नवी मिरवणूक. आमच्या गाळानं व्हाळानं वळण बदललं असं लोक म्हणत. मी नाकारत नसे.

शेवटी बालवाडी समितीचे अध्यक्ष आले. "बाई, ही बालवाडी काय गणपतीचो कारखानो? सोमारा पाट्यो हाडटां. अक्षर दिसलें ना जाल्यार दुसरी बाई पळयतां."

माझी नोकरी आता एका अक्षरावर आली. सोमवारी त्यांनी स्वतः पाट्या वाटल्या. "बरयात, ग गणपतीचो."

पोरांनी ग सोडला आणि गणपती धरला. पाटीपाटीवर सोंड.

"आतां पुसात."

कुणी पुसेना. अध्यक्षांनी ओला फडका घेतला, पहिल्या पाटीपर्यंत नेला आणि तसाच धरून उभे राहिले. मला इतका आनंद झाला की तो लपवायला खोकावं लागलं.

निघाली मिरवणूक. अध्यक्ष धोतर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात उतरले, एकेक पाटी बुडवून चोळली. बाप्पा गेले, पाट्या लख्ख होऊन वर आल्या.

"पळयलें? तुमची माती परत येयना. पाटी येता."

माझं सगळं प्रशिक्षण माशांच्या तोंडी गेलं. मी घसा खाकरून विचारलं, "मग दुसरी बाई कधी येणार?"

काठावर पोरांनी आरती पुन्हा पहिल्यापासून धरली होती, प्रत्येकाची चाल वेगळी. अध्यक्षांनी कानावर हात ठेवला. "ह्यांका सदांच व्हाळार कोण व्हरतलो? तुमचो आवाज व्हडलो. तुमीच रावा."

बालशिक्षणाच्या इतिहासात केवळ घशाच्या जोरावर नोकरी टिकवलेली मी एकटीच असेन.