तो एकच हाय

किस्से आणि बिबटे सारखेच. एक बाहेर आला की समजायचं, मागच्या उसात आणखी आहेत! कोपरगावच्या बाजूला बिबट्यांची मोजणी करताना माझ्याकडे दोन्ही साठले. आमची टीम दोघांची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली मी आणि निवृत्तीला टेकलेले वनरक्षक गेनूमामा. मी कॅमेरे लावायचे, मामा मला आवरायचे.

*

त्या गावात बिबट्याचं नाव घेत नाहीत. नुसतं 'तो' म्हणतात. 'तो येऊन गेला', 'त्यानं शेळी नेली'. फॉर्मवर 'अंदाजे संख्या' असा रकाना होता. गावातले मोठे ऊसवाले म्हणजे तात्या. त्यांना विचारलं.

"तो? तो एकच हाय."

"तात्या, काल सकाळी तो ओढ्यावर दिसला आणि त्याच वेळी पार पलीकडच्या मळ्यातही. एकच कसा?"

"लई पळतो!"

*

शेजारच्या गावात तर बिबट्याच नव्हता. "शेळ्या आमच्या जात्यात, पन तो तात्यांच्या गावचा हाय," सरपंच म्हणाले.

"त्याचा सातबारा आहे का तिकडं?" मी विचारलं.

मामांनी मला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं!

*

मग एक पिंजऱ्यात सापडला. गावाने गुलाल उधळला. तात्या म्हणाले, "विषय संपला!"

मी म्हटलं, "फक्त जागा रिकामी झाली. पाणी आहे, कुत्री आहेत, लपायला ऊस आहे. दुसरा येणारच."

आठवड्यात तात्यांचंच कुत्रं गेलं.

"बगितलं? आला का न्हाई परत? रस्ता इसरत न्हाई तो!"

*

शेवटी मी कॅमेऱ्यातले दोन फोटो तात्यांपुढे ठेवले. "ठिपके बघा. दोन वेगळी जनावरं आहेत."

तात्यांनी चष्मा लावला. "ही त्याची डावी बाजू, ही उजवी."

मामा खो खो हसले. दोन्ही बाजूंचे ठिपके वेगळे असतात, हे मीच त्यांना शिकवलं होतं!

"बरं, तो कशावरून? मादी असेल."

"बाईमानसाचं काम हाय का हे?" तात्या म्हणाले. या वेळी मामा माझा दंड धरायच्या आत मी उठले होते.

*

तोडणी सुरू झाली तसं माझं हसू गेलं. रोज ऊस कमी होत होता आणि त्यात राहणारं सगळं उरलेल्या तुकड्यात दाटत होतं. त्याच तुकड्याच्या कडेला, तीन बांबूंवर, पाथर्डीहून तोडणीला आलेल्या सुनीताच्या तान्ह्या मुलीची झोळी होती.

"तात्या, झोळी मोकळ्या रानात हलवायला सांगा."

"उन्हात पोर भाजायची का? तो एकच हुता, त्योबी पळाला."

सुनीताने मला बाजूला घेतलं. "ताई, खरं सांगा, किती हायेत?"

"आकडा नाही सांगता येत. पण एकापेक्षा जास्त."

"मंग झोळी कुठं बांधू? सावली तर हितंच हाय."

मी गावात ताडपत्री शोधायला गेले.

*

ताडपत्री घेऊन परतले तेव्हा बाराच सऱ्या उरल्या होत्या. उसातून बारीक ओरडणं आलं. कोयते थांबले.

"मांजर हाय, तोडा!" तात्या बांधावरून ओरडले.

एकाने पाचट बाजूला केलं. खाली ठिपक्यांची दोन पिल्लं.

तेवढ्यात झोळीमागचा ऊस हलला आणि जनावर बाहेर आलं. झोळीपासून चार पावलांवर थांबलं.

"पिल्लांपासून मागे व्हा," मी कुजबुजले. टोळी मागे सरकली. एकटी सुनीता पुढे गेली. जनावरावरची नजर न काढता तिने झोळीतून पोर उचललं आणि तशीच उलट्या पावलांनी परत आली.

जनावराने एक पिल्लू तोंडात धरलं, ओढ्याकडे नेऊन ठेवलं. परत आलं. दुसरं नेलं.

मी फॉर्म काढला.

"तात्या, अंदाजे संख्या?"

तात्यांनी टोपी काढून हातात धरली होती. ते पोराला छातीशी आवळून बसलेल्या सुनीताकडे बघत होते.

"लिही," ते म्हणाले, "ती."