राखेतलं बी

गंगापूर रोडवर आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी एक म्हातारी भाजी घेऊन बसते. नाव मी कधी विचारलं नाही. घरी एकटीच असते. भाजी मार्केटातून आणते, पण कुंपणावर तिनं दोडक्याचा वेल चढवलाय. त्याचा पहिला दोडका कितीही मागा, देत नाही.

"त्यो बियाला राखलाय."

दोडका वेलावरच वाळू देते, मग बी राखेत चोळून पुडीत बांधते.

"मावशी, पेरणार कुठं?" एकदा मी विचारलं.

तिनं मान वर करून आमची बिल्डिंग पाहिली. "आधी इथंच पेरायचो. बी राखेत टिकतं. जमीन कशात ठेवावी?"

तिनं पुडी माझ्या पिशवीत टाकली.

"तुझ्या गॅलरीत लाव, पोरी. जागा तीच हे. उंच झालीय फक्त."