साहेबांचा वाटा

वादळ ओसरल्यावर नुकसानीची पाहणी करायला जी सरकारी माणसं आमच्या वाडीत आली, त्यांना पडलेली घरं समजली, मोडलेले माड समजले, रापण मात्र काही केल्या समजेना. जाळ्याचा वाळूत रुतलेला ढीग आणि दोन तुकडे झालेली होडी दाखवून लोक सांगत होते की ही आमची रापण, ही गेली. साहेबांनी विचारलं, मालक कोण? लोक म्हणाले, आम्ही सगळे. साहेब म्हणाले, तसं नसतं. तारकर्लीच्या अलीकडच्या या किनाऱ्यावर खापरपणज्यांपासून तसंच होतं, पण साहेबांच्या नोकरीत ते कधी आलं नव्हतं. ज्याला एक मालक नाही त्याचं नुकसानही होत नाही, हे ज्ञान आम्हाला त्या दिवशी झालं.

रापण म्हणजे घराघरातून आलेले जाळ्याचे तुकडे जोडून केलेलं एक लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडून येते आणि किनाऱ्यावरचे लोक दोन्ही टोकांचे दोर धरून ते ओढतात. मासळी वर आली की वाळूतच वाटे घालतात. ज्यांचं जाळं त्यांचा वाटा, होडीचा वाटा, आणि ज्याने दोराला हात लावला त्याचाही वाटा. तो कोण, कुठल्या वाडीचा, बंदरावरच्या मोहल्ल्यातला की वाटेने जाणारा, हे कोणी विचारत नसे.

माझे वडील लवकर गेले. त्यांच्या मागे जाळ्याचा आमचा तुकडा कुजला आणि नवा करायला घरात पुरुष नव्हता. आई दोराला लागली. त्या दोराच्या वाट्यातलं निम्मं विकून आणि निम्मं आम्हाला खायला घालून तिने मला वाढवलं. आज मी मालवणात शाळेत शिकवते, घरात पगार येतो, पण आईचं पहाटे खाली किनाऱ्यावर जाणं सुटलं नव्हतं. मी बाजारातून बांगडे आणले तर ती त्यांना विकतचे म्हणायची, आणि तेसुद्धा तोंड वाकडं करून.

तर, मालक नाही म्हणून अडलेलं काम एका योजनेने सोडवलं. आपत्तीनंतर गावांनी सामूहिकपणे पायावर उभं राहावं म्हणून सरकार अनुदान देत होतं. अट एवढीच की समूहाची नोंदणी झालेली संस्था हवी. म्हणजे आम्ही खापरपणज्यांपासून समूह होतो ते काही खरं नव्हतं, आता शिक्का बसला की होणार होतो. अध्यक्ष म्हणून पुढे आला आमच्याच वाडीतला एक लॉजवाला. रापणीच्या घरातला, पण दोर त्याने शाळेत असताना शेवटचा धरला असेल. पांढरे कपडे आणि ऑफिसातलं मराठी ही त्याची लायकी. ती पुरली.

सभासद कोण, तर ज्यांचा जाळ्यात तुकडा होता ती घरं. दोर ओढणाऱ्या बायका कुठेच बसल्या नाहीत. सरकारला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. आमच्या माणसांनीही तोंडातून अवाक्षर काढलं नाही. वाटे कमी झाले की प्रत्येकाचा वाटा मोठा होतो, एवढा हिशेब करायला त्यांना संस्था लागली नाही. वादळात ज्यांची कौलं आईने आपल्या पडवीत रचून ठेवली होती, तेच लोक आता तिला पाहून समुद्राकडे बघायला लागले.

अनुदानातून नवं जाळं आलं, होडी आली, आणि त्यांच्यासोबत दोर ओढायचं मशीन आलं. मशीन कोणी मागितलं नव्हतं. पण नुसतं जाळं मागितलं तर ते जुन्याच्या जागी नवं होतं, मशीन असलं की विकास होतो, असं अध्यक्षांनी समजावून सांगितलं. मग रोज पहाटे किनाऱ्यावर मोटर धडधडायची आणि दोर आपोआप गुंडाळत यायचा. आई पहिले काही दिवस जाऊन उभी राहिली. धरायला काही नव्हतं. परत येऊन ती मागच्या दारी भांडी घासत बसायची, घासलेलीच भांडी पुन्हा. मला तिची कीव येत नव्हती, मला त्या सगळ्यांची किळस येत होती.

मग एका रविवारी मोठे साहेब योजनेचं यश बघायला येणार असं कळलं. यशाचे फोटो लागतात, आणि फोटोत लोकसहभाग लागतो. मशीनच्या फोटोत लोक कुठून येणार? आदल्या संध्याकाळी अध्यक्ष स्वतः दारोदार फिरला. ज्या बायकांना त्याने किनाऱ्यावरून उठवलं होतं त्यांना काकी, मावशी करत, नऊवारी नेसून या म्हणून सांगत होता. आमच्याही दारात आला. मी त्याला काय ते सुनावणार होते, पण आई आतून म्हणाली, मी येतंय.

सकाळी मशीनवर निळी ताडपत्री टाकून त्याच्यापुढे खुर्च्या मांडल्या होत्या. होडी जाळं सोडून आली. बायकांना दोरावर उभं केलं. साहेब बूट न काढताच पुढे आले, दोराचं टोक दोन बोटांनी धरलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. फोटोवाला म्हणाला, जरा जोर लावल्यासारखं करा. साहेबांनी मान मागे टाकून जोर लावल्यासारखं केलं. मग दोर सोडला, हात रुमालाला पुसले आणि शहाळं घेऊन खुर्चीवर बसले.

बायकांनी सोडला नाही. अध्यक्ष म्हणाला, झाला आता, सोडा, मशीन लावतंव. कोणी लक्ष दिलं नाही. दोर हातात आला होता आणि पाण्यात जाळं भरलेलं जाणवत होतं. आईने पाय रोवले, मागच्या बायकांनी तिच्या तालावर धरलं आणि जाळं पार किनाऱ्याला आणलं. मीही शाळेतल्या बाईचा आब बाजूला ठेवून ओढायला लागले होते. तळहात सोलून निघाले, आणि फार बरं वाटलं.

बांगडे होते, आणि त्यात एक मोठी इसवण, म्हणजे सुरमई. वाटे पडायला लागले, अर्थात सभासदांचे. अध्यक्षाने इसवण उचलली, निवडून निवडून बांगडे वर ठेवले आणि साहेबांसमोर नेऊन म्हणाला, "साहेब, हा आपला वाटा."

साहेब म्हणाले, अरे, मला कशाला? ते म्हणताना त्यांची नजर इसवणीवरच होती. ड्रायव्हर पिशवी आणायला गाडीकडे निघालाही होता.

"थांब रे," आई अध्यक्षाला म्हणाली. "सायबांका वाटो कसलो?"

तो गडबडला. साहेबांच्या देखत पाहुणचार म्हणावं की भेट म्हणावं ते त्याला सुचेना, आणि लाळघोटेपणाच्या नादात जे तोंडाला आलं ते बोलून गेला. "त्येंनी दोर धरल्यानी मां, काकी."

"मगे मिया काय म्हशीची शेपटी धरलंय?"

बायका हसल्या. मग सभासदांतलाही एक म्हातारा हसला आणि त्याने मान फिरवली नाही. साहेबांना मालवणी कळत नसावं, ते नुसतेच हसण्यात सामील झाले. अध्यक्षाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. साहेबांचा वाटा परत घेता येत नव्हता, आणि तो दिला की आमचा नाकारता येत नव्हता. त्या दिवशी दोर ओढणाऱ्या प्रत्येक बाईला वाटा पडला. माझाही पडला. साहेबांची इसवण पिशवीतून गाडीत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोटर पुन्हा धडधडली. आई खाली जायला निघाली होती तेवढ्यात अध्यक्ष स्वतः दारात आला. हातात पिशवी, पिशवीत बांगडे, कालच्यापेक्षा जास्तच. आवाज अगदी मऊ.

"काकी, तू आता उगाच खाली येव नको. तुजो वाटो रोज घराक येतलो."

मला खरं सांगायचं तर ते बांगडे घ्यावेसे वाटले. ताजे होते, आणि इतक्या महिन्यांनी आपणहून दारात आले होते. आईने पिशवीत वाकून पाहिलं आणि ती त्याच्या हातात परत दिली.

"ओढल्याबिगर वाटो घेवक मी काय सायब आसंय?"

त्याला पायरीवर तसाच ठेवून ती खाली दोराकडे गेली. मोटर चालूच होती. ती रिकाम्या हाताने परत आली आणि त्या दिवशी आम्ही कुळथाची पिठी खाल्ली.