दोनशे कशाचे?

माझ्या मामाइतका संशयी माणूस अख्ख्या भिवंडीत दुसरा नाही, आणि असलाच तर मामाने त्याच्यावरही पाळत ठेवली असेल. राहनाळच्या आपल्या गोदामाला कुलूप लावून तो तीनदा ओढून बघतो, दहा पावलं जातो आणि चौथ्यांदा ओढायला परत येतो. चहा जरा गोड झाला तरी विचारतो, "आज एवढा गोड? काय पायजे?"

अशा माणसाने मला माझं पहिलं स्वतंत्र काम दिलं: गोदामाच्या गेटवर ट्रक आला की शहरातल्या ऑफिसला आपोआप निरोप देणारी वेब सर्व्हिस. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरांनी आपसात कुठल्या रीतीने बोलायचं, म्हणजे प्रोटोकॉल कुठला, हे मी ठरवणार होते. पण मामा खुर्ची ओढून शेजारी बसला, आणि झालं! लाइन कायम चालू ठेवायची रीत सांगितली, तर म्हणाला, "चोवीस तास दार उघडं? राहनाळात कोन ठेवतं गं?" मग साधी रीत सांगितली. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं आणि विसरून जायचं. पुढच्या वेळी ओळख पुन्हा नव्याने दाखवायची. मामा खूश! "तोंड बघून आत सोडत न्हाय? यालाच ठेव. पन निरोप मिळाला, हे कसं कळनार?"

"समोरून दोनशे येतं."

"दोनशे कशाचे? कोन घेतंय?"

अरे देवा! दोनशे हा नुसता 'मिळालं' सांगणारा आकडा आहे, हे समजावताना माझा घसा बसला. तरी याचं आपलं चालूच, "आन् हो बोलून इसरला तर?" मी भडकले. "मामा, विश्वास नसेल तर काम दुसऱ्याला दे!"

तो खाली बघत म्हणाला, "तुझ्या मामीने दवाखान्यातून बोलावनं धाडलं व्हतं. गेटवरचा 'हो, सांगतो' बोलला, आन् इसरला. मी गेलो तवा..."

मामी दवाखान्यातच वारली, एवढंच मला ठाऊक होतं. मला माझीच लाज वाटली. निरोप नीट लिहून ठेवल्याशिवाय दोनशे द्यायचंच नाही, आणि दोनशे येईपर्यंत निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं, असं मी त्याला करून दिलं. ते बिनबोभाट चालू आहे. मामा तरीही गेटवर फोन करून खात्री करतोच.

नारपोलीला घरी पोचले की मीही त्याला फोन करते. 'बरं' म्हणून तो ठेवतो, आणि दोन मिनिटांनी त्याचाच फोन येतो, "मगाशी तूच व्हतीस ना?" पूर्वी मी चिडायचे. आता म्हणते, "दोनशे, मामा."

"हां, दोनशे," तो म्हणतो. "जेवतो आता."