'हं' म्हणजे काय?

आमच्या आतोबांइतका जपून चालणारा आणि तरीही एका जागी न टिकणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. एके काळी ते विमान चालवत. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा मी पौडच्या शाळेत नवी नवी मास्तरीण म्हणून लागले आणि त्यांच्याकडे राहायला गेले. विमान चालवलेला माणूस रुबाबदार, बेफिकीर असणार अशी माझी समजूत. इथे तर आतोबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबत, डावीकडे बघत, उजवीकडे बघत आणि विचारत, "येऊ का?" आत्या "या" म्हणेपर्यंत पाऊल आत पडत नसे. बरं, आत येऊन बसतील तर तेही नाही. पाण्याचा पेला घेऊन ओसरीवर, ओसरीवरून अंगणात, अंगणातून फाटकाशी, कडी लागली आहे ना ते बघून परत. त्यांच्याकडे बघून बघून माझेच पाय दुखायला लागत.

कुणी काही सांगितलं की ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं आणि समोरच्याने "बरोबर" म्हटल्याशिवाय हलायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नेम. "येताना कोथिंबीर आणा," आत्या म्हणे. "येताना कोथिंबीर आणतो," आतोबा म्हणत. एकदा फोडणीच्या नादात आत्या "बरोबर" म्हणायला विसरली. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन बघते तो काय, आतोबा पिशवी घेऊन दारातच येरझाऱ्या घालताहेत. "अहो, गेला नाहीत अजून?" तर म्हणे, "तू बरोबर म्हणाली नाहीस." त्या दिवशी आमटी बिनकोथिंबिरीची झाली आणि आत्याच्या तोंडाचा पट्टा संध्याकाळपर्यंत चालू राहिला.

पण खरा कहर होता तो 'हं'चा. आमच्या माहेरच्या माणसांचं निम्मं बोलणं 'हं'वर चालतं, आणि या घरात नेमकी त्यालाच बंदी. वह्या तपासता तपासता माझ्या तोंडून "हं" गेलं की आतोबा समोर हजर. "हं म्हणजे काय? हो, नाही, थांबा, की नुसतं ऐकतेस?" पुणं सोडून इथे येण्याचं कारणही ते हेच सांगत. इथली माणसं व्हय म्हणतात नाही तर न्हाई म्हणतात, कानाला बरं वाटतं. एस.टी.च्या घंटीवर तर त्यांचा फार जीव. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं, मधलं काही नाही, असं राज्य सगळीकडे यायला हवं म्हणत.

शेजारच्या म्हाताऱ्या गाडीवानाच्या बैलगाडीतून ते अधूनमधून कोळवणला तांदूळ आणायला जात. गाडीवाट जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे गाडी थांबवायला लावत. डावीकडे बघत, उजवीकडे बघत आणि मग मान वर करून आभाळात बघत. एकदा मीही गाडीत होते. गाडीवान वैतागून म्हणाला, "आवो सायेब, आभाळातनं काय येनार हाय?" आतोबा शांतपणे म्हणाले, "मागच्या वेळी तिथूनच आलं होतं." मला हसू आवरेना. घरी येऊन आत्याला सांगितलं, तर ती हसली नाही. तांदूळ निवडत बसली होती, तिचे हात थांबले.

मग तिनेच सांगितलं. धुक्याची सकाळ होती. आतोबा प्रवाशांनी भरलेलं विमान जमिनीवरून हळूहळू चालवत धावपट्टीकडे नेत होते. शेजारी त्यांचा जिवलग मित्र, त्यांचा सहवैमानिक. विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याशी इंग्रजीत बोलायचं आणि आपापसांत मराठीत, अशी दोघांची सवय. धावपट्टीच्या कडेला आल्यावर आतोबांनी विचारलं, "जाऊ ना?" मित्र नकाशात डोकं घालून बसला होता. तो म्हणाला, "हं." त्याचा 'हं' होता 'थांब, बघतोय' असा. आतोबांनी ऐकला 'हो' असा. विमानाचं नाक धावपट्टीवर गेलं आणि उतरायला आलेलं दुसरं विमान त्यांच्या डोक्यावरून, चाकं दिसतील इतक्या जवळून, पुन्हा वर उठलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चौकशीत आतोबा म्हणाले, विमान माझ्या हातात होतं, चूक माझी. 'हं'चा उच्चारही केला नाही. मित्राची नोकरी राहिली, आतोबांनी आपली सोडली. "तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही," आत्या म्हणाली. "आणि तेव्हापासून दुपारी कधी यांचा डोळा लागलेला मी पाहिला नाही." मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी ज्याला विक्षिप्त म्हणत होते, तो माणूस अजून त्या धावपट्टीच्या कडेलाच उभा होता.

पुढे एकदा पुण्याहून निरोप आला, मित्र रविवारी भेटायला येतोय. झालं! आठवडाभर घराला चैन नाही. "येऊ दे, पण मी घरी असेनच असं नाही," आतोबा म्हणाले आणि रविवारी सकाळपासून फाटकाच्या कडीला चिकटून राहिले. एस.टी. आली. पांढऱ्या केसांचे एक उंच गृहस्थ उतरले, फाटकाशी थांबले. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि आभाळात बघितलं. आत्याने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोघे नुसते उभे. शेवटी शेजारचा गाडीवानच ओरडला, "आवो, कुनीतरी या म्हना की! पावना उन्हात हुबा हाय!"

"या," आतोबा म्हणाले. मित्राला अहोजाहो.

जेवताना हवापाण्याच्या गप्पा झाल्या. त्या दिवसाबद्दल दोघेही चकार शब्द बोलले नाहीत. परतीची गाडी रस्त्यापलीकडच्या वडाखाली थांबे, म्हणून आम्ही पोचवायला निघालो. रस्त्याच्या कडेला आतोबा सवयीने थांबले. रस्ता मोकळा होता. त्यांनी मित्राकडे न बघताच विचारलं, "जाऊ ना?"

मित्राचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी आतोबांचा दंड धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "थांब."

"थांबतो," आतोबा म्हणाले.

"बरोबर."

वडाखाली एस.टी. घुरघुरत होती, कंडक्टर हाका मारत होता. मित्राचं सावकाश डावीकडे बघून झालं, उजवीकडे बघून झालं, मान वर करून सगळं आभाळ बघून झालं. "आता चल," म्हणाले, आणि दोघे दंडात दंड घालून पलीकडे गेले.

घरी आल्यावर आतोबा ओसरीवरच्या झोपाळ्यावर जरा टेकले. थोड्या वेळाने आत्या दबकत दाराशी आली. "झोपले का गं?" तिने हळूच विचारलं.

"हं," मी म्हणाले. म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही.