आमच्या बाई आणि आबांचा फेटा

"हात दाखव," म्हणायच्या आणि आमचा तळवा थेट स्वतःच्या नाकाशी न्यायच्या. साबणाचा वास आला नाही की झालं! "जा, धुऊन ये. मग तुझं रडगाणं ऐकते." ग्वाल्हेरच्या इस्पितळात आम्हा नर्सिंगच्या मुलींना शिकवणाऱ्या या आमच्या बाई. तुम्ही त्यांच्याकडे ताप घेऊन जा नाहीतर लग्नाची पत्रिका, आधी तळवा!

अर्धा वर्ग हिंदी बोलणारा, म्हणून शिकवायच्या हिंदीत. रागवायच्या मात्र मराठीत. त्यामुळे आम्हा मराठी मुलींच्या वाट्याला राग जास्त आला, असं माझं अजूनही मत आहे.

पण शिकवणं सोपं हो, मुली टिकवणं कठीण. आज बाकावर बसलेली उद्या गायब. 'परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा?' घरोघर हाच सवाल. दाणा ओळीतलं आमचं घर तरी वेगळं कसं असेल? आबा, म्हणजे माझे वडील, संस्थानच्या फौजेत होते. संस्थान विलीन झालं, फौज मोडली, आबा घरी बसले. फेटे ट्रंकेत गेले, मिजास तेवढी बाहेर राहिली. आईच्या हट्टानं माझं नाव घातलं होतं, थोड्याच दिवसांत आबांचं फर्मान निघालं, "उद्यापासून बंद."

मी गेले नाही, तशी संध्याकाळी बाई दारात हजर. म्हटलं, आता जुंपणार! पण त्यांनी माझं नावच काढलं नाही.

"आबासाहेब, एखादा जुना फेटा आहे का हो? बँडेजच्या कापडाचा कागद नव्या सरकारच्या टेबलांवर फिरतोय. मुलींना शिकवू कशावर?"

फौजेतल्या माणसाकडे कुणीतरी काही मागितलं! आबांनी स्वतः ट्रंक उघडली. बाईंनी फेट्याच्या तिथंच टराटरा पट्ट्या फाडल्या.

"आता एक डोकं हवं. बसता का जरा?"

आबा बसले, आणि मी बांधायला लागले.

"ढिलं आहे," आबा गुरगुरले. "घोडा दौडला की सुटेल."

"पेशंट घोड्यावर बसत नाही, आबा."

"तोंड चालवू नकोस. पुन्हा बांध."

तीनदा सोडायला लावलं. चौथ्यांदा मान हलवून पाहिली आणि म्हणाले, "हां, आता जमलं."

"आबासाहेब," बाई हळूच म्हणाल्या, "हेच डोकं तुमच्या फौजेतल्या कुणाचं असतं, तर हिला बांधू दिलं नसतं?"

आबांनी डोक्यावरची पट्टी चाचपून पाहिली. मग म्हणाले, "एकटी जाणार नाही."

"मी नेईन, मी आणीन!" बाईंनी शब्द खाली पडू दिला नाही.

आणि खरंच, रोज सकाळी दौलतगंजातून वाकडी वाट करून त्या मला न्यायला यायच्या. वाटेत तळव्याची तपासणी असायचीच.

पुढे आमचं मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला. ग्वाल्हेरच्या कचेऱ्या भोपाळला गेल्या, त्यांच्यामागे बाईंची बदलीही. माझं शेवटचं वर्ष राहिलं होतं. निरोप घेताना मी हमसून हमसून रडले. बाई गेल्याचं दुःख होतंच. पण आता मला नेणार कोण, हे जास्त होतं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी गणवेश घातला तो उगीच, सवयीनं. बाहेर येते तो आबा जोडे घालून ओट्यावर उभे!

"चल लवकर. बाई गेल्या म्हणून ड्यूटी चुकवायची का?"

दाल बाजारातून आबा पुढे, मी मागे. मराठी माणसाला तिकडे सगळे दाजीच म्हणत. एका ओळखीच्या दुकानदारानं हटकलं, "दाजी, सबेरे-सबेरे किधर?"

आबा थांबले. अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बिटिया को अस्पताल छोड़ने. नर्स है हमारी!"

हे ऐकायला बाई हव्या होत्या हो.